क्षमा केली, पण दावा सोडला नाही

गुन्हेगाराच्या घरच्यांची समाज निदान कीव तरी करतो. निरपराध बंदिवानाच्या घरच्यांच्या वाट्याला तीही सहसा येत नाही. कारण ‘आमचा माणूस निर्दोष आहे’ हे त्यांचे म्हणणे कोडगेपणाचे लक्षण मानले जाते. न्यायालयाने निकाल दिलेला असतो, वर्तमानपत्रांनी तो छापलेला असतो, आणि आईच्या शब्दाला पुरावा म्हणून कोणी मोजत नाही. अशा आईला आपण ख्रिस्ती माणसे काय सांगतो? ‘क्षमा कर, बाकी देवावर सोपव.’ हा उपदेश खरा किती आणि आपल्या सोयीचा किती, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. त्यासाठी बेलफास्टच्या सॅरा कॉन्लन या कॅथलिक मातेचे उदाहरण आम्ही घेत आहोत.

५ ऑक्टोबर १९७४ रोजी इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे दोन मद्यगृहांत आयरिश रिपब्लिकन आर्मीने बॉम्बस्फोट केले. पाच माणसे ठार झाली. नोव्हेंबरात बर्मिंगहॅमला त्याहून भीषण स्फोट झाले. देश संतापला आणि संशयितांना सात दिवसांपर्यंत कोठडीत ठेवण्याची मुभा देणारा कायदा अवघ्या काही दिवसांत संमत झाला. त्या कायद्याखाली पकडलेल्यांत सॅरा यांचा वीस वर्षांचा मुलगा जेरी होता. मारहाण व धमक्या असह्य झाल्यामुळेच आपण कबुलीजबाब दिला, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. त्या जबाबात त्याच्या लंडनच्या मामीचेही नाव आले.

मुलासाठी वकील पाहावयास वडील जुझेप्पे बेलफास्टहून निघाले. त्यांची फुफ्फुसे आजाराने पोखरलेली होती. लंडनला ते मेहुण्याच्या घरी उतरले आणि तेथेच पकडले गेले. हातांवर व हातमोज्यांवर नायट्रोग्लिसरीनचे अंश सापडल्याच्या प्रयोगशाळेच्या दाव्यावरून १९७६ मध्ये सात जण दोषी ठरले. त्यांपैकी एक जुझेप्पे. बाकीच्यांत मामी ॲनी मॅग्वायर, मामा आणि त्यांची दोन मुले होती. धाकटा मुलगा अटकेच्या वेळी तेरा वर्षांचा होता. जेरी व इतर तिघांना त्याआधीच, १९७५ मध्ये, जन्मठेप झाली होती. नवरा, मुलगा, भाऊ, भावजय आणि दोन भाचे, असे सॅरा यांचे जवळजवळ अर्धे गोत एकाच वेळी तुरुंगात गेले.

१९९३ साली या प्रकरणावर ‘इन द नेम ऑफ द फादर’ हा चित्रपट आला. त्यात पितापुत्र एकाच कोठडीत राहताना दाखवले आहेत; प्रत्यक्षात तसे घडले नव्हते. आई मात्र चित्रपटात कडेलाच राहते. आमच्या मते या कथेतील नैतिक प्रश्न खऱ्या अर्थाने तिच्याच पदरी पडला होता. सॅरा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करीत, आणि वर्षाकाठी मिळणारी सुट्टी समुद्र ओलांडून इंग्लंडच्या तुरुंगांच्या दारांशी खर्च करीत. मुलाला त्या पत्रे लिहीत. आपल्याविरुद्ध खोटे बोलणाऱ्यांसाठीही प्रार्थना कर, असे त्या त्याला सांगत. जानेवारी १९८० मध्ये जुझेप्पे बंदिवान म्हणूनच वारले. तरीही त्या पत्रांचा सूर बदलला नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ही तर सोशिकतेची मूर्ती! आम्हांला हा शब्द अपुरा वाटतो. याच सॅरा नवऱ्याच्या निर्दोषत्वाची जाहीर कबुली मिळावी म्हणून वर्षानुवर्षे झगडत राहिल्या. पोलिसांच्या टिपणांतील लबाडी उघड झाल्यावर १९ ऑक्टोबर १९८९ रोजी जेरी व त्याचे सोबती सुटले. १९९१ मध्ये सात जणांच्याही शिक्षा रद्द झाल्या. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले होते. परंतु सॅरा थांबल्या नाहीत. ९ फेब्रुवारी २००५ रोजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दोन्ही कुटुंबांची जाहीर माफी मागितली, तेव्हा जुझेप्पे यांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. सॅरा त्यानंतर तीन वर्षांनी, २००८ मध्ये, निवर्तल्या.

मग क्षमा कोठे गेली? जिने मनापासून क्षमा केली, तिने माफीची मागणी का करावी? असे विचारणारा क्षमा आणि विस्मृती यांची गल्लत करतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथील तुरुंगाची हकीकत आहे. पौल आणि सीला यांना चौकशीवाचून फटके मारून कोंडले जाते. सकाळी अधिकारी निरोप धाडतात की त्यांना सोडून द्या. पौल साफ नकार देतो. आम्हांला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे, असे तो म्हणतो. आणि अधिकाऱ्यांना यावे लागते. आदल्याच रात्री याच पौलाने तुरुंगाच्या अधिकाऱ्याला आत्महत्येपासून वाचवले आहे आणि त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा केला आहे. मनात सूड नाही, आणि तरी दावा सुटलेला नाही. अन्यायाला अन्याय म्हणून घेतल्याशिवाय क्षमेला विषयच उरत नाही. काही घडलेच नसेल, तर क्षमा करावयाची ती कशाची?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. कोणी कोणाच्या वतीने क्षमा करावी? सॅरा स्वतःच्या दुःखापुरती क्षमा करू शकत होत्या. कोठडीतील मुलाने ती करावी, असे त्या सुचवू शकत होत्या, लादू शकत नव्हत्या. सुटल्यानंतर जेरीला मनोविकाराने व व्यसनाने अनेक वर्षे ग्रासले. वडील आपल्यामुळे गेले ही सल त्याच्या मनातून निघाली नाही. अशा माणसासमोर उभे राहून ‘आईसारखा हो’ म्हणण्याचा अधिकार आम्ही कोणालाच देणार नाही. मामीच्या बाजूने पाहा. भाच्याच्या तोंडून निघालेल्या नावापायी तिचे घर उद्ध्वस्त झाले होते. म्हणजे क्षमेची पहिली परीक्षा पोलिसांच्या बाबतीत नव्हे, खुद्द नात्यागोत्यातच होती. गिल्डफर्डला मेलेल्या पाच जणांच्या घरच्यांनाही विसरता येत नाही. खोट्या गुन्हेगारांच्या शिक्षेवर त्यांची पंधरा वर्षे समजूत घातली गेली. १९७७ मध्ये दुसऱ्या खटल्यातील आरोपींनी हे कृत्य आपले असल्याचे न्यायालयात सांगितले, तरी त्यांच्यावर त्याचा आरोप कधीच ठेवला गेला नाही. सॅरा यांनी दावा सोडला असता, तर सत्य या घरांपर्यंतही पोहोचले नसते.

आपल्या बायबलमध्ये दानिएलच्या तेराव्या अध्यायात सुसान्नेची कथा आहे. न्यायसभेत तिच्याबरोबर तिचे आईवडील, मुले आणि सगळे आप्त येतात आणि रडतात. त्यांच्या अश्रूंनी काहीही सिद्ध होत नाही. लोकांचा विश्वास वडीलधाऱ्यांवर बसतो, कारण ते वडीलधारे आणि न्यायाधीश आहेत. तिला वाचवतो तो कुटुंबाबाहेरचा एक तरुण. तो दोन्ही साक्षीदारांना वेगवेगळे करून, कोणत्या झाडाखाली पाहिलेत, एवढेच विचारतो. देवाने सुसान्नेची हाक ऐकली खरी. पण ऐकून त्याने चमत्कार धाडला नाही, प्रश्न विचारणारा माणूस धाडला.

कॉन्लन कुटुंबासाठी अशी माणसे उभी राहिली. कार्डिनल बेसिल ह्यूम तुरुंगात जुझेप्पे यांना भेटले, त्यांची त्यांच्या निर्दोषत्वाबद्दल खात्री पटली, आणि पुढे दोन माजी गृहमंत्री व दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती यांना बरोबर घेऊन त्यांनी सरकारकडे दाद मागितली. ज्या इंग्लंडात आयरिश कैद्याची बाजू घेणे म्हणजे बॉम्बवाल्यांची बाजू घेणे समजले जाई, तेथे हे सोपे नव्हते.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस चार लाख चौतीस हजारांहून अधिक कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार बंदिवानांपैकी तिघांचा दोष सिद्ध झालेला नव्हता. बिहारचे रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही चौदा वर्षे आतच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्यांना भरपाई दिली, ती पस्तीस हजार रुपये. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात वारले, तेव्हा त्यांच्या खटल्याची सुनावणी सुरूही झालेली नव्हती.

अशा कुटुंबांतले एखादे आपल्याही धर्मग्रामात असू शकते. मिस्सा संपल्यावर ते मागच्या दाराने निघून जाते. मुलीचे लग्न जुळत नाही. घरच्या जपमाळेला शेजारी येईनासे होतात. न्यायनिवाडा करण्याची आपली पात्रता नाही, हे आम्हांला मान्य आहे, आणि तुरुंगातला प्रत्येक जण निर्दोष असतो असा आमचा भाबडा समजही नाही. पण सिस्टर सॅरा क्लार्क या आयरिश धर्मभगिनीने तो निवाडा करीत न बसताच काम आरंभले होते. बेलफास्टहून भेटीला आलेल्या बायका लंडनच्या परक्या गर्दीत गोंधळून जात. सिस्टर त्यांना उतरवून घेत, रात्रीच्या मुक्कामाची सोय लावीत आणि तुरुंगाचा रस्ता दाखवीत.