दात्याचं नाव

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधली कोरल मर्चंट स्ट्रीट ही सतराव्या शतकातल्या ज्यू व्यापाऱ्यांची खूण. ते युरोपातून पोवळी आणत आणि गोवळकोंड्याचे हिरे तिकडे पाठवत. रस्त्याला धंद्याचं नाव मिळालं, माणसांचं नाही. मी मूळची पुण्याची, त्यामुळे इथून जाताना मला हमखास ससून रुग्णालय आठवतं.

बगदादचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यात वारले. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय १८६७ साली सुरू झालं. 'बाबांना ससूनला हलवलंय' म्हणणाऱ्याच्या मनात ना बगदाद असतं, ना या घराण्याचा अफूचा व्यापार.

बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू पंडितानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. गरजूला स्वतःच्या पायावर उभं करणं ही सर्वांत वरची. देणारा आणि घेणारा एकमेकांना अनोळखी, ही तिच्या लगेच खालची. आपलं गुप्तदानही तिथलंच. तरी देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवर देणगीदार गरगरत असतातच, पुण्यातही आणि चेन्नईतल्या मैलापूरलाही!

माझ्या मते नाव कोरण्यात पाप नाही. पण कोरलेलं नाव अफू धुऊन काढत नाही. रुग्णाला औषध मिळालं की दान पुरं झालं. उरलेला हिशेब दात्यानं आपल्या देवाशी करावा.