शुश्रूषा आणि संशय

रोग्याची शुश्रूषा करणाराच रोगाचा वाहक असण्याचा संभव निर्माण झाला, तर त्याचा धर्म कोणता? प्रश्न जुनाच आहे. 1847 साली व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी, शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांच्या हातांतूनच बाळंतिणींस प्राणघातक ज्वर जडतो, असे दाखविले. पुष्कळ समव्यवसायी त्यांच्यावर रुष्ट झाले. कारण आपल्या उपकारक हातांनी अपकार घडतो, हे मान्य करणे कोणासही जड जाते.

करोनाच्या साथीने हाच प्रश्न आपल्या दाराशी आणून ठेवला. एप्रिल 2020 मध्ये मुंबई सेंट्रल येथील वोक्हार्ट रुग्णालयात 26 परिचारिका व 3 डॉक्टर बाधित आढळले आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र ठरले. आमच्या रत्नागिरीची अडचण निराळीच होती. आरंभी येथे चाचणीची सोय नसल्यामुळे नमुने घाट चढून मिरजेस जात. येथील प्रयोगशाळा जून 2020 मध्ये सुरू झाली. नमुना गेला आहे, अहवाल आलेला नाही, घसा खवखवतो आहे आणि कक्षात माणसे अपुरी आहेत. अशा वेळी परिचारिकेने काय करावे?

अहवाल येताच संशय फिटतो, असे कोणी म्हणेल. परंतु चाचणीचा 'नाही' हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. संसर्गानंतरच्या पहिल्या दिवसांत नमुन्यात विषाणू सापडेलच असे नाही; उलट लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे दोन दिवस मनुष्य दुसऱ्यास रोग देऊ शकतो. तिचा 'होय' देखील तितकाच फसवा ठरतो. सौम्य आजारात साधारणतः दहा दिवसांनंतर संसर्ग देण्याची शक्ती फारशी उरत नाही. तथापि आरटी-पीसीआर चाचणी विषाणूचे निर्जीव अवशेष हुडकून कित्येक आठवडे होकार देत राहते. सारांश, विषाणूची खूण आहे काय, एवढेच ती सांगते. हा मनुष्य इतरांस आज घातक आहे काय, हे लक्षणे, दिवस आणि सहवास यांवरून विवेकानेच ठरवावे लागते.

येथे आपल्या एका आदरणीय आदर्शाचा नीट विचार केला पाहिजे. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. तो त्याग वंदनीय होय, कारण त्यांनी पणास लावला तो स्वतःचा जीव. अंगात कसर असता कर्तव्य म्हणून कक्षात जाणारी परिचारिका मात्र दुसऱ्याचा जीव पणास लावते, आणि तोही त्या निजलेल्या रुग्णास न विचारता. दोन्ही कृतींत धैर्य दिसते. पण पहिलीस त्याग म्हणावे, दुसरीस म्हणता येणार नाही. अशा वेळी घरी राहणे हीच शुश्रूषा होय.

यावर आक्षेप असा की, प्रत्येक शंकेसरशी माणसे घरी बसली तर रुग्णांकडे पाहणार कोण? आक्षेप खरा आहे. म्हणूनच हा निर्णय एकट्या परिचारिकेच्या सदसद्विवेकावर सोपविणे आम्हांस अन्यायाचे वाटते. जिचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, तिच्याकडून खोकला लपविला गेला तर दोष तिच्या एकटीच्या माथी कसा मारावा? खरे बोलण्याबद्दल जेथे दंड भरावा लागतो, तेथे सत्य फार काळ टिकत नाही. संशयित सेविकेस सवेतन रजा, त्वरित व आवश्यक तर पुन्हा चाचणी, आणि तिच्या जागी बदली माणूस, ही तरतूद दया नव्हे. तो रुग्णांच्या रक्षणाचाच भाग आहे.

टाळ्या वाजवून आपण सेवकांचे ऋण मान्य केले. ते फेडावयाचे असेल, तर 'मला बरे वाटत नाही' हे शब्द त्यांस निर्भयपणे उच्चारता येतील अशी व्यवस्था समाजाने उभारली पाहिजे.