नकळत घडलेले

हवाईच्या सहलीला गेलेली आपली मंडळी ज्वालामुखी पाहतात, समुद्रात डुंबतात, अननस खातात आणि परततात. बेटांच्या कोरड्या बाजूला, लाव्हाच्या काळ्या खडकांत उभ्या असलेल्या विलीविलीकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. खरे तर ते आपल्या नात्यातले झाड. शिमग्याच्या सुमारास पानांविना लालभडक फुलणारा आपला पांगारा, त्याचे हे चुलत भावंड. उन्हाळ्यात पाने गाळायची आणि उघड्या फांद्यांवर फुलायचे, ही याचीही रीत. फुले केशरी, पिवळी, पांढरी, कधी फिकट हिरवीसुद्धा. हवाईखेरीज ते मूळचे कुठलेच नाही. त्याच्या अतिशय हलक्या लाकडाच्या तिथले मूळ रहिवासी लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या आणि होडीचा तोल सांभाळणारी उलांडी करीत.

एप्रिल २००५ मध्ये ओआहू बेटावर या कुळातल्या झाडांच्या पालवीवर गाठी दिसू लागल्या. जेमतेम दीड मिलिमीटरचा एक आफ्रिकी कीटक कोवळ्या पानांत अंडी घालत होता. काही महिन्यांत तो साऱ्या मुख्य बेटांवर पसरला. विलीविली मरू लागले. वारा अडवण्यासाठी लावलेल्या पांगाऱ्याच्या रांगाही वाळल्या.

आता प्रश्न असा, की यात दोष कुणाचा? कीटक कुणी मुद्दाम आणला नव्हता. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले तेच मुळी २००४ साली! मग नकळत घडलेल्या अपराधाची जबाबदारी कुणी घ्यायची?

महाभारतातल्या मांडव्य ऋषींना सुळावर चढावे लागले, कारण काय, तर लहानपणी त्यांनी किड्यांना काड्या टोचल्या होत्या. तेव्हा त्यांनी यमधर्मालाच शाप दिला आणि मर्यादा घालून दिली: चौदा वर्षांच्या आतल्या कृत्याला पाप म्हणायचे नाही. अज्ञानाला क्षमा आहे, पण तिला वयाची अट आहे, हे यातले मर्म. जाणत्या माणसाने ‘मला ठाऊक नव्हते’ हे किती काळ म्हणत राहायचे?

हवाईतल्या शास्त्रज्ञांनी हे झाड मारले नव्हते. तरीही दोष कुणाचा हे ठरण्याची वाट न पाहता ते टांझानियापर्यंत गेले. त्या कीटकाचा नैसर्गिक शत्रू त्यांनी शोधला. तो इतर कशावर उलटणार तर नाही ना, हे बंदिस्त जागेत तपासले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये त्याला मोकळे सोडले. विलीविलीची पालवी सावरली. फुलांना होणारा उपद्रव मात्र पुरता थांबला नाही. म्हणजे मारणाराही परकाच आणि तारणाराही परकाच. फरक मुळाचा नव्हता. एक बेफिकिरीच्या वाटेने आला, दुसरा विचारपूर्वक आणला गेला.

आपणही परक्या भूमीत आलेली माणसे. भारतातून परतताना बॅगेत कढीपत्त्याचे रोप हळूच ठेवण्याचा मोह कुणाला होत नाही? पण संत्र्या-लिंबांच्या झाडांचा जीवघेणा रोग पसरवणारा कीटक कढीपत्त्यावरही पोसतो. हा रोग २००५ सालीच फ्लोरिडात आढळला आणि पुढे तिथल्या संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. तो आपल्या कढीपत्त्यानेच आणला असे मुळीच नाही. पण विमानतळावरच्या त्या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर देताना आता आपण अजाण उरलेलो नाही.

जिथे राहतो तिथले मीठ आपण खातो. त्या मातीशी इमान राखायचे तर सणवार, वर्गणी आणि मतदान एवढ्याने भागत नाही. आपल्या हातून नकळत काय घडू शकते, हे जाणून घेणे हाही त्या इमानाचाच भाग आहे.