पुरेशी भाकर, उघडा हात

आधारपाठ : निर्गम 16:11-21, फिलिप्पैकरांस पत्र 4:10-20



प्रेषित पौलाने समाधानाविषयी जे लिहिले, ते भरल्या घरात बसून लिहिलेले नाही. तो बंदिवासात होता. फिलिप्पै येथील मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठविलेली देणगी त्याला पोहोचली होती, आणि तिची पोच देताना तो आपल्या अंतःकरणातील एक गोष्ट उघड करतो : विपुलतेत कसे राहावे आणि उणिवेत कसे राहावे, हे दोन्ही धडे आपण गिरवले आहेत. या ठिकाणी 'शिकणे' हा शब्द फार मोलाचा आहे. समाधान हा कोणाचा जन्मजात स्वभाव नव्हे. कोणी मुळातच शांत असतो, कोणी मुळातच चिंताक्रांत. परंतु शास्त्र ज्याला समाधान म्हणते, ते शिकावे लागते. आणि जे शिकावे लागते, त्याची शाळाही असते व परीक्षाही असते.

ही शाळा कोणती आणि तिची परीक्षा कोणती, याचा आज आपण विचार करू या.

एका पेठेची कहाणी

बंगळूर शहरात चामराजपेट नावाची वस्ती आहे. जुन्या पेठेतील दाटीच्या बाहेर, सरळ आणि एकमेकांस छेदणारे रस्ते आखून ती 1892 साली वसविण्यात आली. त्या शहराच्या पहिल्या आखीव वसाहतींमध्ये तिची गणना होते. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार यांचे नाव तिला देण्यात आले.

ही वस्ती आखली गेली तेव्हा 1876 ते 1878 चा महादुष्काळ लोकांच्या स्मरणातून गेलेला नव्हता. म्हैसूर संस्थानाच्या सुमारे 50 लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ 10 लाख माणसे त्या दुष्काळात व त्यामागून आलेल्या रोगराईत दगावली, असा अंदाज आहे. ज्यांनी असे दिवस पाहिले, त्यांना रुंद रस्ता, हवेशीर घर आणि दारात पाणी हवेसे वाटले, तर त्यात नवल ते काय? त्याच दशकात अर्कावती नदीवरील हेसरघट्टच्या तलावातून शहराला नळाने पाणी मिळू लागले.

पण मनुष्याची व्यवस्था किती काळ पुरते? ज्यांचे नाव या पेठेला आहे, ते महाराज 1894 च्या डिसेंबरात कलकत्ता येथे मरण पावले. त्यांचे वय अवघे 31 वर्षांचे होते. 1898 साली शहरात प्लेगची साथ आली. हेसरघट्टचे पाणी अपुरे पडले म्हणून पुढे टिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय बांधावा लागला. तोही पुरेना, म्हणून 1974 पासून कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून, जवळपास 500 मीटर उंचीवर चढवून शहरात आणले जाऊ लागले. आणि इतके करूनही 2024 च्या उन्हाळ्यात हजारो कूपनलिका आटल्या, आणि शहरातील कित्येक कुटुंबांना टँकरची वाट पाहत बसावे लागले.

प्रिय वाचकहो, हे सारे सांगण्याचा उद्देश मनुष्याच्या प्रयत्नांना तुच्छ लेखण्याचा नाही. योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठविले, ते देवाच्याच प्रेरणेने. जलाशय बांधणारा, पंप चालविणारा, नळ दुरुस्त करणारा यांच्या हातून देवच आपल्या लेकरांना पाणी पाजतो. परंतु साठा ही एक गोष्ट आणि भरवसा ही दुसरी. साठ्याला तळ असतो. ज्याने आपला भरवसा साठ्यावर ठेवला, त्याची चिंता साठा वाढला तरी सरत नाही. उलट राखायचे तितके अधिक होते.

मान्न्याचा नियम

इस्राएल लोक अरण्यात कुरकुर करू लागले, तेव्हा देवाने त्यांना मान्ना दिला. पण कोठार दिले नाही. रोज सकाळी उठून त्या दिवसापुरता मान्ना गोळा करावयाचा. ज्यांनी तो उद्यासाठी दडवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा केलेला मान्ना चांगला राहिला, कारण तो आज्ञेप्रमाणे ठेवलेला होता. म्हणजे ठेवण्यात पाप नव्हते. 'उद्या देव देईल की नाही' या अविश्वासाने दडविण्यात पाप होते. ही देवाची पहिली शाळा.

या प्रसंगातील आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटते. मान्ना मापून पाहिला, तेव्हा ज्याने फार गोळा केला होता त्याचे काही उरले नाही, आणि ज्याने थोडा गोळा केला होता त्याला काही उणे पडले नाही. पुढे अनेक शतकांनी पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले, तेव्हा त्याने मान्न्याचा हाच दाखला घेतला. तो दाखला त्याने कोठे वापरला? यरुशलेमातील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करण्याच्या प्रकरणी! अरण्यात जी बरोबरी देवाने चमत्काराने घडवली, ती मंडळीत प्रीतीने घडावी, असा त्याचा भावार्थ आहे.

प्रभूने आपल्याला शिकविलेल्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीची विनंती आहे; आणि त्या विनंतीत 'माझी' हा शब्द नाही, 'आमची' असा आहे. जो ही प्रार्थना करतो, तो शेजाऱ्याची भाकरही मागत असतो. मग देवाने ती शेजाऱ्याची भाकर आपल्याच ताटात घातली असेल, तर?

दुष्काळाची लेक

समाधानाची ही शाळा आपल्या मराठी मंडळीने डोळ्यांनी पाहिलेली आहे. चामराजपेट ज्या म्हैसूर संस्थानात वसली, त्याच संस्थानातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, 23 एप्रिल 1858 रोजी पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते. तीर्थक्षेत्री पुराणे सांगत हे कुटुंब गावोगाव फिरे. 1870 च्या दशकातील दुष्काळाने त्यांना गाठले. संचय संपला, दागिने व भांडीकुंडी विकली गेली. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे की, रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी गुजराण केली. आईवडील आणि थोरली बहीण त्या काळात गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई हजारो मैल पायी चालले. झेलम नदीकाठी थंडीच्या रात्री त्यांनी वाळूत खड्डे खणले, आणि डोकी तेवढी बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली.

त्या साक्षीत त्या आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगतात. उपासमार होत असतानाही घराण्याच्या व विद्येच्या अभिमानामुळे कोणापुढे हात पसरणे वा अंगमेहनतीचे काम पत्करणे त्यांना जमत नव्हते. बंधुभगिनींनो, येथे थोडे थांबून आपण आपल्याकडे पाहू या. अभिमानाने सोसलेली उणीव आणि ख्रिस्तामध्ये सोसलेली उणीव बाहेरून सारखी दिसते. पण ती एक नव्हे. पौल समाधानी होता, म्हणून त्याने फिलिप्पैकरांची देणगी परत पाठविली नाही. त्याने ती आनंदाने घेतली. घेण्याची नम्रता हीसुद्धा समाधानाचीच एक बाजू आहे.

पुढे भाऊ गेला. 1882 साली पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने गेले. पदरी तान्ही मनोरमा राहिली. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. अमेरिकेतील मित्रमंडळींनी दहा वर्षे साहाय्याचे वचन दिले होते, आणि ती मुदत 1898 साली संपावयाची होती. उत्पन्नाचे साधन म्हणून पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती. शहाण्या मनुष्याने अशा वेळी काय करावे? हात आखडावा, हिशेब जपावा.

नेमक्या याच वेळी, 1896-97 साली, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईने भूक भोगली होती, तिला भुकेची बातमी नुसती वाचून राहवेना. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या लेकरांना केडगावच्या शेतावर नेले. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. त्यानंतर गुजरातेत दुष्काळ पडला आणि 1900 पर्यंत मुक्तिसदनातील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. दहा वर्षांच्या वचनाची मुदत संपली, पण ताटे वाढली! रोजच्या गरजा त्या प्रार्थनेत देवापुढे ठेवीत. आणि प्रार्थनेवरून उठून तेथे हात कामाला लागत : शेती, गाईगुरे, विणकाम, तेलघाणा, छापखाना. देवाच्या तरतुदीवर भरवसा म्हणजे आळस नव्हे, हे केडगावच्या मळ्याने दाखवून दिले.

परीक्षा कोठे होते?

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. समाधानाची परीक्षा कोठे होते? आपल्याला वाटते की उणीव आली असता आपण कुरकुर करतो की नाही, हीच परीक्षा. ती अर्धीच परीक्षा आहे. दुसरा अर्धा भाग असा : आपला हात उघडतो की मिटतो?

समाधानाची शिकवण पुष्कळदा चुकीच्या दारी पोहोचविली जाते. कोणी उपाशी आहे, कोणाची मजुरी बुडाली आहे, कोणाच्या मुलीची शाळा फीअभावी सुटली आहे, आणि आपण त्याला सांगतो, "बाबा, देवावर भरवसा ठेव, आहे त्यात समाधान मान." याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अशा कोरड्या आशीर्वादाची कडक झडती घेतली आहे. रमाबाईंनी दुष्काळातील मुलींना समाधानाचा उपदेश करून मागे सोडले नाही. त्यांनी त्यांना गाडीत बसवून घरी आणले. पौलानेही जे लिहिले, ते स्वतःच्या उणिवेविषयी लिहिले. दुसऱ्याच्या उणिवेविषयी नव्हे. समाधान मानावयाचे ते आपल्या वाट्याविषयी. शेजाऱ्याच्या उपासमारीविषयी समाधान मानण्याची परवानगी शास्त्रात कोठेही नाही.

या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. ज्याला 'मला पुरे' असे म्हणता येत नाही, त्याच्या हातून दुसऱ्याला काही सुटत नाही. आणि ज्याला कळले की आपला पिता आपली गरज जाणतो, त्यालाच मूठ सैल करण्याचे धैर्य येते. सारफथच्या विधवेजवळ मडक्यात मूठभर पीठ होते. एलीयाने आधी आपल्यासाठी भाकर मागितली. तिने ती दिली, आणि नंतर मडके रिते झाले नाही. तिला पिठाचे कोठार मिळाले नाही, हेही लक्षात असू द्या. रोज मडक्यात हात घालावयाचा आणि रोज पीठ सापडावयाचे, इतकेच.

आपल्यापैकी पुष्कळजण पोटासाठी गाव सोडून आले आहेत. कोणी मुंबईस, कोणी बडोद्यास, कोणी चामराजपेटेसारख्या परभाषिक पेठेत भाड्याच्या खोलीत. घरभाडे, कर्जाचे हप्ते, वृद्ध आईबापांची औषधे यांचा हिशेब रात्री झोपू देत नाही. त्यांना मी असे म्हणणार नाही की तुमची चिंता खोटी आहे. प्रभूने चिंता करू नका म्हणून सांगितले, ते आपल्या गरजा खोट्या आहेत म्हणून नव्हे, तर पित्याला त्या ठाऊक आहेत म्हणून. आजची गरज नाव घेऊन त्याच्यापुढे ठेवा. मंडळीत एखाद्या विश्वासू बंधूला वा भगिनीला सांगा. ते लपवू नका. आणि ज्यांच्या घरी आज पुरेसे आहे, त्यांनी या आठवड्यात एवढेच पाहावे : आपल्या पुरेशातून कोणाचे अपुरे भरून निघेल? लग्नकार्यात शेजाऱ्याचा मंडप पाहून आपला मंडप मोठा करण्यापूर्वी, शेजारच्या चुलीकडे एकदा पाहावे.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांत त्यांना कानाने नीट ऐकू येत नव्हते. 1921 च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. ज्या लेकीवर कामाचा भार सोपवावयाचा, तीच आधी गेली. तरी रमाबाईंनी हाती घेतलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर सोडले नाही. ते पुरे केले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली छापून प्रसिद्ध झाला, तो पाहावयास त्या नव्हत्या. एकेकाळी झाडपाल्यावर जगलेली ही लेक जाताना इतरांसाठी भाकर मागे ठेवून गेली. शेतातलीही आणि शास्त्रातलीही. ती देवाच्या शाळेत शिकली, असे आपण खात्रीने म्हणू शकतो.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हाला आजवर सांभाळलेस म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. उद्याची भीती आमच्या मुठी आवळते. तू त्या सैल कर. उणिवेत आम्हाला कुरकुरीपासून राख, आणि विपुलतेत विसरण्यापासून राख. ज्यांच्या घरी आज चूल पेटली नाही, त्यांची भाकर आमच्या ताटात असेल, तर ती ओळखण्याची दृष्टी आणि ती पोहोचविण्याची प्रीती आम्हाला दे. जो श्रीमंत असता आमच्याकरिता दरिद्री झाला, त्या येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.