लूत, भोग आणि किडीचा जीव

सौंसर तालुक्यातील बोरगाव हे नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरील औद्योगिक गाव पांढुर्णा जिल्ह्यात आहे. या मराठी मुलखातील गावोगावच्या टपऱ्यांपाशी कानांच्या कडा सोललेले, कोपरांवरचे केस गेलेले एखादे कुत्रे अंग खाजवत बसलेले दिसते, आणि त्याच्यापुढे पोळीचा तुकडा टाकणारा माणूसही ‘लूत लागली’ म्हणून पुढे जातो. हा त्या जीवाचा भोग मानावा, की त्याचे निवारण हे पाहणाऱ्याचे कर्तव्य मानावे, असा प्रश्न येथे उभा राहतो.

लूत सार्कोप्टिस नावाच्या, गोचिडाच्या वर्गातील सूक्ष्म जीवामुळे होते. त्याची मादी कातडीत बिळे पाडून अंडी घालते, खाजवण्याने कातडी फाटते, जखमांत जंतू शिरतात आणि खाज आणखी बळावते. मात्र प्रत्येक खाज लूत नसते: शेपटीच्या बुडाशी चावत राहणाऱ्या कुत्र्याला बहुधा पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, तर सतत पंजे चाटण्यामागे आहारातील किंवा हवेतील एखादा घटक असू शकतो. म्हणूनच निदानाविना गाडीचे जळके ऑइल फासणे हा उपचार नव्हे. कुत्रे ते चाटते आणि विष पोटात जाते.

पाली संयुत्तनिकायात बुद्धांनी खरजेने ग्रासलेल्या कोल्ह्याचा दृष्टान्त दिला आहे, ज्याला बिळात, झाडाखाली, उघड्यावर, कोठेच चैन पडत नाही. त्याचा रोख मानसन्मानाला भुललेल्या भिक्षूवर असला, तरी दुखणे पाहणारी नजर खरी आहे. माणूस आपल्या व्याधीला प्रायश्चित्त वा तप म्हणू शकतो. प्राण्याला ती सोय नाही. शिवाय कर्मसिद्धान्तातून, म्हणजे पूर्वकर्माचे फळ भोगावेच लागते या मतातून, उदासीनता निघत असती, तर तापलेल्या लेकराला औषध देणेही चूक ठरले असते.

अहिंसेचा पेच अधिक कठीण आहे, कारण औषध किडीला मारते. जैन मतात कुत्रा पंचेंद्रिय आणि ऊ त्रींद्रिय असली, तरी दोहोंच्या हत्येत हिंसा आहेच. परंतु श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या आचारात ठरवून केलेली संकल्पी हिंसा आणि आक्रमणाच्या प्रतिकारात घडणारी विरोधी हिंसा यांत भेद केला जातो. गोचीड उपटून दगडावर ठेचणे पहिलीकडे झुकते. पशुवैद्यकाने वजनानुसार दिलेली, रक्तात भिनून केवळ चावणाऱ्या किडीलाच गाठणारी गोळी दुसरीच्या जवळ येते. हा भेद पळवाट वाटेल, पण किडीला वाचवून कुत्र्याला कुजू देणे याला अहिंसा म्हणता येत नाही.

नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे, आणि लोकांची भूतदया बहुधा त्या वाटीपाशीच थांबते. पण एवढ्याने भागत नाही: लूत संसर्गजन्य असल्याने टोळीतील एकाच कुत्र्यावर उपचार केले तर ती परत येते. सोबतच्या सर्व कुत्र्यांना एकाच वेळी, ठरल्या अंतराने औषध द्यावे लागते, निजण्याची पोती बदलावी लागतात, आणि हे एकट्याच्या पुण्यसंचयाचे काम नसून वस्तीने वाटून घ्यायचे काम आहे.