मोठा आकडा, लहान फट

अहिल्यानगरजवळ खारे कर्जुने नावाचे गाव आहे. त्याच्या नावावरूनच लष्कराच्या सरावक्षेत्राला के. के. रेंज म्हणतात. रणगाड्यांच्या तोफा धडाडू लागल्या की आवाज आसपासच्या गावांपर्यंत येतो.

अशाच एका गावात एक निवृत्त सुभेदार राहत. तरुणपणी तोफ उडण्याआधी ते कानात कापूस कोंबत. कापसाने तेवढा मोठा आवाज अडत नाही, हे त्यांना फार उशिरा कळले. आता पाखरांची बारीक किलबिल त्यांना ऐकू येत नसे, आणि कानातली किरकिर रात्रीही थांबत नसे.

त्यांची नातवंडे एनसीसीत होती. दोघांचीही पॉइंट टू-टू रायफलच्या नेमबाजीसाठी निवड झाली.

सुभेदार म्हणाले, "आधी कानांची सोय करा, मग रेंजवर जा."

नातवाने खोक्यांवरचे आकडे ताडून पाहिले आणि सर्वांत मोठ्या आकड्याचे महागडे इअरमफ घेतले. नातीने फोमचे साधे इअरप्लग आणले आणि विचारले, "आजोबा, हे घालायचे कसे?"

आजोबांनी दाखवले. स्वच्छ हातांनी प्लग वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा. प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटेपर्यंत नातीने पुन्हा पुन्हा सराव केला.

"तूही घालून बघ," आजोबा नातवाला म्हणाले.

"यात शिकायचे काय? डोक्यावर चढवले की झाले!"

सरावाहून परतताना नातीचे कान ठणठणीत होते. नातवाच्या कानात मात्र शिट्टी वाजत होती.

"आजोबा, माझे तर हिच्यापेक्षा भारी होते!"

सुभेदारांनी त्याला इअरमफ चढवायला सांगितले आणि त्याच्या कानामागे बोट फिरवले. "चष्म्याची जाड काडी आणि टोपीची कड गादीखाली आली आहे, बाळा. या फटीतून आवाज शिरला. खोक्यावरचा आकडा प्रयोगशाळेत, नीट बसवून मोजलेला असतो. हिचा प्लग अर्धवट बसला असता, तर हिचेही हेच झाले असते."

"पण टू-टूचा बार तो केवढा!"

"तोही १४० डेसिबलच्या आसपास जातो. एवढ्या आवाजाचा एकच बार कानाला इजा करू शकतो. आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आजची शिट्टी कदाचित थांबेल, पण तिला ताकीद समज. नाही थांबली तर लगेच डॉक्टरांकडे जाऊ."

शिट्टी थांबली. नातवाने टोपी बाजूला ठेवली, बारीक काड्यांचा चष्मा घेतला आणि प्लग घालून वर इअरमफ चढवायला तो शिकला. आजोबांनी बजावले, "दोन्ही घातले म्हणून आकड्यांची बेरीज होत नाही. साधारण ५ डेसिबलचीच भर पडते. पण बंदिस्त रेंजवर तीही मोलाची. पहिल्या बाराआधी घालायचे आणि शेवटचा नेमबाज थांबेपर्यंत काढायचे नाहीत."

नातवाने तो नियम कधी मोडला नाही.

तात्पर्य : संरक्षण नुसते विकत घेऊन भागत नाही, ते नीट बसवावे लागते आणि इजा होण्याआधी वापरावे लागते.