अलगद जबड्यातली हिंसा

सुरतेच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या रिट्रिव्हर पिल्लाला ‘आण’ शिकवणे पाप आहे का? या जातीची पैदासच बंदुकीने पाडलेले बदक दात न लावता आणून देण्यासाठी झाली. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बांध घातला; पण पिल्लू आजही ओला मोजा अलगद जबड्यात धरते, मान उंचावून पायाशी आणून ठेवते. सुरतेत रुजलेल्या जैन विचारानुसार हिंसा केलेली, करवलेली आणि अनुमोदिलेली, तिन्हींनी कर्म बांधले जाते. म्हणून शिकारीसाठी कुत्रा घडवणाऱ्याला ‘गोळी मी झाडली नाही’ म्हणून सुटता येत नाही. कुणी म्हणेल, उपजत ओढ दाबणे हीसुद्धा हिंसाच. खरे आहे, पण ही ओढ आणून देण्याची आहे, मारण्याची नाही, आणि ती कापडी गुंडाळीनेही भागते. मला बोचते ते वेगळेच. अहिंसाव्रताच्या अतिचारांत, म्हणजे व्रताला लागणाऱ्या दोषांत, तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ बांधून ठेवणे आणि अन्नपाणी तोडणेही धरते. बंदूक कधी न पाहिलेल्या घरातही पिल्लू दिवसभर गॅलरीत साखळीला असते, चुकले की उपाशी राहते. शिकवताना खाऊचा तुकडा बक्षीस म्हणून जरूर द्यावा. जेवण मात्र त्याच्या हक्काचे, ते आज्ञेला जुंपू नये.